पंखाच्या आतला हात

विमानाचा पंख मी उसाच्या ट्रॉलीतून आणला, हे आमच्या भागात अजून सांगतात. दौंडच्या भंगारवाल्याकडून उचलला आणि पाटस, चौफुला, न्हावरं करत तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या शेडपर्यंत आणला. हंगाम उतरला होता, म्हणून ट्रॉली रिकामी मिळाली. पंख मागं चांगला दोन हात बाहेर आला होता, त्याला लाल फडकं बांधलं. चौफुल्याला चहाला थांबलो तर एकानं विचारलं, आबा, बाकीचं इमान कुठाय? मी म्हटलं, मागनं येतंय.

पंख टेबलासाठी होता. दौंडला बायकोच्या माहेरी, आमच्या माणसांच्या वस्तीत, विहाराशेजारी पोरापोरींसाठी अभ्यासिका बांधली. माझा मेव्हणा, म्हंजी बायकोचा धाकटा भाऊ, रेल्वेतून रिटायर झालेला. त्यानं ते काम अंगावर घेतलं होतं. मी त्याला शब्द दिला, की वाचायचं टेबल माझ्याकडून. आणि साधं नाही, विमानाच्या पंखाचं. जयंतीला खोली उघडायची होती, त्याच्या आत द्यायचं. मी स्वतः चौथीच्या पुढं गेलो नाही. पण मी ठोकलेल्या पत्र्यावर वही ठेवून कुणीतरी मोठ्या परीक्षेचा अभ्यास करणार, ह्याचा मला गर्व होता. तो मी लपवत नाही.

माझं काम पत्र्याचं. जवान होतो तवा पुण्याकडं बस-बॉडी बांधायच्या कारखान्यात होतो. तिथं मी रिबीट मारायला शिकलो. रिबीट म्हंजी टोपीचा, बिनआट्याचा खिळा. दोन पत्र्यांना भोक पाडायचं, रिबीट आरपार घालायची, बाहेरून टोपीवर हातोडा मारायचा, आणि आतून दुसऱ्यानं तिच्या शेपटीला लोखंडाचा ठोकळा लावून धरायचा. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. हातोड्याच्या मारानं शेपटी डॉलीवर चेपते, पसरते, आणि दोन पत्रे जन्माचे एक होतात.

ह्या कामाला दोन माणसं लागतात आणि दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, मधी पत्रा असतो. शेपटी किती बसली हे बाहेरच्याला कळत नाही, ते फक्त आतल्याला दिसतं. कारखान्यात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून खूण ठरलेली होती. आतल्यानं डॉलीनं पत्र्यावर एकदा टक केलं, म्हंजी अजून मार. दोनदा टकटक, म्हंजी बसली, थांब. तीनदा, म्हंजी बिघडली, काढून टाक.

कारखाना सुटला आणि मी गावाकडं आलो. गुऱ्हाळांच्या काहिली, म्हंजी रस आटवायच्या मोठ्या कढया, रिबिटांनी शिवायचं काम धरलं. गडी ठेवायची ऐपत नव्हती. बायकोला म्हटलं, हे धर. तिनं धरलं. आठ दिवसांत तिला टक, टकटक सगळं आलं. तिचा हात बारीक, कुठल्याही बोळातून आत जायचा. डाव्या हातातल्या बांगड्या दंडापर्यंत सरकवायच्या, वरून फडकं बांधायचं आणि गाल पत्र्याला लावून खांद्यापर्यंत हात आत घालायचा. अशी ती तीसेक वर्षं माझ्या पत्र्याच्या पलीकडं उभी राहिली.

विमानाचं काम पुढं आपोआप आलं. दौंडच्या भंगारवाल्यानं कुठल्याशा लिलावात जुन्या विमानांचा माल उचलला होता. पुण्याची एक बाई, घरं सजवायचं काम करणारी, इंजिनावरचं झाकण घेऊन गावोगाव फिरत होती. तिला त्याची खुर्ची पाहिजे होती. वेल्डिंगवाल्यांनी हात लावला की चीर पडायची. विमानाचा पत्रा दिसायला जर्मलच्या पातेल्यासारखा, पण स्वभाव वेगळा. पातेलं वाकवलं तर वाकतं. हा वाकत नाही, तडकतो. त्याला रिबीटच पाहिजे. कुणीतरी त्या बाईला माझ्याकडं धाडलं. मी आणि बायकोनं ती खुर्ची करून दिली. मग शेपटाच्या फळकुटाचं दार झालं, चाकांची बैठी टेबलं झाली, एक लाल खुर्ची झाली, पंख्याच्या पात्यावर घड्याळ झालं. आमच्या हातच्या वस्तू पुण्यात कुठल्या कुठल्या बंगल्यांत आहेत. आम्ही त्या बंगल्यांत कधी गेलो नाही.

आता लोक पॉप रिबीट मारतात. बंदुकीसारखं हत्यार असतं, एका बाजूनं लावायचं, ओढायचं, झालं. एकट्याचं काम. मी ती माझ्या शेडात येऊ दिली नाही. तिला मागची बाजू दिसत नाही, ती आंधळी रिबीट. गिऱ्हाईक म्हणायचं, आबा, कुणाला कळतंय? मी म्हणायचो, मला कळतंय की. तुमाला घाई आसंल तर दुसरीकडं जावा.

तर तो पंख. वरचा पत्रा आम्ही सगळा सोडवला, आतल्या बरगड्या साफ केल्या, दोन मोडल्या होत्या त्या नव्या बसवल्या. मग पत्रा परत शिवायला घेतला. लाकडाच्या घोडीत पंख उभा करायचा, दोन्हीकडून पाचटाची पोती लावायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. अर्ध्याच्या वर काम झालं होतं तवा मेव्हणा वस्तीतली दोन वडीलधारी माणसं घेऊन टेबल बघायला आला.

माणसं बघायला आली की माझ्या अंगात येतं. पोत्यांमुळं पंख थोडा हलायचा. चार माणसांत काम डळमळताना दिसू नये म्हणून मी घोडीला शिकंजे आवळले, पंख भिंतीसारखा घट्ट केला. मग त्यांना म्हटलं, बघा आता, एकमेकाचं तोंड न बघता काम कसं होतं. आणि हातोडा उचलला.

पहिल्याच रिबिटीला मी मारत राहिलो. खूण येईना. मी मारतोय, मारतोय, आणि एकदम हाताला कळलं की पत्रा गेला. भोकापासून कडेपर्यंत वीतभर चीर. तसा पत्रा दुसरा मिळणार नव्हता, त्या विमानाचा एवढा एकच पंख होता.

मी हातोडा आपटला आणि पलीकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "तुझा हात गेला आता. म्हातारी झालीस. जा, चुलीपाशी बस."

तिच्या भावासमोर म्हणालो. तिच्या माहेरच्या माणसांसमोर.

तिनं हात बाहेर काढला. डॉली पोत्यावर ठेवली. फडकं सोडलं, बांगड्या एकेक करून मनगटावर आणल्या. भावाला विचारलं, चहा टाकू का? आणि आत गेली. मेव्हणा खाली बघत होता. चहा घेऊन माणसं गेली.

त्यानंतर ती शेडात आली नाही. आमचं घर शेडला लागूनच आहे, मधी एक उंबरा. रोज दुपारी ती भाकरी घेऊन शेडात यायची, आम्ही पंखाच्या सावलीला बसून खायचो. आता ताट उंबऱ्यावर येऊ लागलं. बोलणं बंद नव्हतं. औषध घेतलं का, लाईट कवा येणार, सगळं बोलायची. फक्त उंबरा ओलांडत नव्हती. डॉली पोत्यावर ठेवली होती तिथंच राहिली. मला ती उचलता येईना, का ते सांगता येणार नाही. लोखंडाचा ठोकळा तो, किलोभराचा.

मी म्हटलं, ठीक आहे. जयंती जवळ येत होती. रांजणगावच्या कंपन्यांत काम केलेला एक बिहारी कारागीर मला माहीत होता, चाळिशीचा, हाताला चांगला. त्याला बोलावला, खुणा समजावल्या. तो नवी डॉली घेऊन पलीकडं उभा राहिला. पहिलीच रिबीट मी चेपून पापड केली. दुसरी तशीच. मी त्याच्यावर खेकसलो, खूण का देत नाहीस?

तो म्हणाला, "चाचा, हम तो दो बार ठोके थे. आप रुके ही नहीं."

मी म्हटलं, खोटं बोलू नको. तो वाद घालणारा माणूस नव्हता. मी पंखाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो आणि म्हटलं, ठोक माझ्यासमोर.

त्यानं ठोकली. त्याचा हात दोनदा हलला, ते मी बघितलं. डॉली पत्र्याला लागली, तेही बघितलं. आवाज आला नाही.

परत ठोकायला सांगितलं. परत तेच. ट्रकचा हॉर्न मला ऐकू येतो, माणसं बोललेली ऐकू येतात, भोंगा ऐकू येतो. ती बारीक टकटक तेवढी कुठं गेली होती कोण जाणे. मी त्या माणसाला दिवसभराची मजुरी देऊन घरी पाठवलं आणि शेडात स्टुलावर बसून राहिलो. पोत्यावरच्या डॉलीकडं बघत होतो. एक गोष्ट डोक्यात फिरत होती. आवाज जर आज गेला नसेल, आधीच गेला असेल, तर इतके दिवस कामं बरोबर कशी झाली?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यावर शेडच्या बाजूनं बसलो. ताट येतं तिथं.

म्हणालो, "दोन टक मला ऐकू येत न्हाईत."

तिनं भाकरी उलटली. "म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"दोन वर्सं झाली. त्या लाल खुर्चीच्या टायमापासनं."

मग तिनं सांगितलं. मी खूण ऐकत नाही हे तिच्या ध्यानात आलं तवापासून ती टकटक करायची आणि लगेच गुडघ्यानं पत्र्याला रेटा द्यायची. पत्रा हलला की मी थांबायचो. मला वाटायचं मी ऐकून थांबतोय. उलट तिला ओरडायचो, की हलू नको, काम डळमळतंय. ती गप्प राहायची आणि पुढच्या रिबिटीला परत गुडघा लावायची. त्या दिवशी मी शिकंजे आवळले होते. तिनं गुडघा लावला, दोनदा, तीनदा लावला. भिंतीला लावल्यासारखं झालं.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी हातोडा खाली ठिवला असता. मग दिसभर तुमच्याकडं बघत कोण बसणार?"

"आन् त्या दिशी? भावासमोर तरी बोलायचं."

"भावासमोर कसं बोलू? तुमचा मान गेला असता."

तिनं माझा मान दोन वर्षं गुडघ्यानं तोलून धरला, आणि मी तिचा एका दमात घालवला. मग म्हटलं, आता चल शेडात.

"न्हाई," ती म्हणाली. "ज्याच्यासमोर हात गेला म्हणालात, त्याच्यासमोर बोला. मग येती."

सांगायला सोपं वाटतं. मला चार दिवस लागले. मी आयुष्यात मालकाला, पोलिसाला, पाटलाला कुणाला चुकलो म्हणालो नव्हतो. आमच्यासारख्यानं एकदा मान खाली घातली की लोक ती वर येऊ देत नाहीत, हे मी लहानपणी बघितलेलं. म्हणून ताठ राहायची सवय लावून घेतली. ती सवय घरात कुठं सोडायची, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही शिकलो नाही. तिसऱ्या दिवशी तर मी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून पॉप रिबिटीची बंदूक आणली. म्हटलं, एकट्यानं करून टाकू. एक रिबीट मारली. बघितली. ड्रिल लावून काढली आणि बंदूक परत देऊन आलो.

चौथ्या दिवशी मेव्हण्याला फोन केला, की ये, काम आहे. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपनं आला. मी त्याला शेडात पंखापाशी स्टुलावर बसवलं. ती उंबऱ्यात उभी होती, पलीकडं.

मी म्हणालो, "त्या दिशी हात हिचा गेला न्हवता. कान माझा गेलाय. ही दोन वर्सं झाकत हुती. मी चुकलो."

मेव्हण्याचे डोळे भरले होते, पण मेव्हणाच तो. म्हणाला, "दाजी, शेवटचं काय म्हणालात ते परत म्हणा. मला बी नीट ऐकू आलं न्हाई."

मी परत म्हणालो.

ती उंबरा ओलांडून आली. पोत्यावरची डॉली उचलायला वाकली. मी ती आधी उचलली. तिथं उभा असताना मला कळलं होतं की जुन्या पद्धतीनं हे काम आता होणार नाही. पत्रा घट्ट धरला तर गुडघा पोचत नाही, ढिला धरला तर त्या चिरेजवळ अजून फाटणार. ज्याला ऐकू येत नाही त्यानं बाहेर उभं राहून भागत नाही. ज्याला ऐकू येतं त्यानं हातोडा घ्यायचा, आणि बहिऱ्यानं आत जायचं. आत कानाचं काम नाही. शेपटी डोळ्यांना आणि बोटाला कळते.

एवढी साधी गोष्ट. पण हातोडा धन्याचा असतो. इतक्या वर्षांत मी तो तिच्या हातात एकदाही दिला नव्हता. झाडलोट करताना तिनं उचलून ठेवला असेल तेवढाच. मी दांडा तिच्याकडं करून पुढं धरला.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग भावाकडं. हातोडा घेतला, तळव्यावर तोलला.

"लई जड न्हाई की," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी एवढा रुबाब करीत हुता व्हय?"

आधी मी त्या चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं. चीर पुढं पळत असेल तर तिच्या तोंडाशी भोक पाडतात, म्हंजी ती तिथं थांबते. मग मी तिच्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि हात आत घातला.

माझं मनगट जाड. जिथून तिचा हात सहज जायचा तिथं माझं कातडं सोललं. आत अंधार, आणि पत्रा उन्हानं तापलेला. प्रत्येक बरगडीला मोठं भोक असतं, त्याची कड सुरीसारखी. पहिला घाव बसला तसा डॉलीतून झटका कोपरापर्यंत आला आणि हात त्या कडेवर गेला. बाहेर काढून बघितलं तर मनगटाच्या वर आडवा चरा. तसे चरे तिच्या डाव्या हातावर कितीतरी आहेत, एकावर एक, जुने पांढरे पडलेले. मी इतकी वर्षं ते चुलीचे समजत होतो. कधी विचारलं नाही.

मेव्हण्यानं फडकं आणून दिलं. तिनं ते माझ्या हाताला बांधलं, जसं स्वतः बांधायची तसं. मी हात परत आत घातला.

तिच्या पहिल्या तीन रिबिटा वाकड्या गेल्या. मी तीनदा टक केलं. तिनं ड्रिलनं काढल्या, नव्या घातल्या. चौथी बसली. मी दोनदा टक केलं, तरी तिनं अजून एक घाव घातला. मी परत टकटक केली.

"ऐकू आलं," ती पलीकडून म्हणाली. "पयल्यांदाच आलं हुतं. तुमाला कसं वाटतं ते बघितलं."

मेव्हणा हसला. मी आत हात अडकलेल्या माणसासारखा उभा होतो, आणि तसाच होतो.

उरलेलं काम आम्ही तसंच केलं, ती बाहेर आणि मी आत. रोज थोडं, कारण माझा हात सुजायचा. टेबल जयंतीच्या आदल्या दिवशी दौंडला पोचलं. त्याच उसाच्या ट्रॉलीतून, ह्यावेळी खाली गाद्या घालून. अभ्यासिकेच्या दारातून जाईना, तर वस्तीतल्या पोरांनी दाराची चौकट काढली आणि परत बसवली. वर काच टाकायची का, असं एकानं विचारलं. मी नको म्हटलं. मग चीर हाताला लागणार नाही.

पंखावर हात फिरवला की कुठपर्यंत माझा हातोडा आणि कुठून तिचा, ते कळतं. माझ्या ओळी दोरीसारख्या सरळ आहेत. तिच्या थोड्या हललेल्या आहेत, टोप्यांवर घावाचे चंद्र उमटलेत. मेव्हणा म्हणाला, तेवढं घासून देऊ का? मी म्हटलं, हात लावू नको.

खोली उघडल्यावर आठवड्यानं आम्ही दोघं तिथं गेलो. दुपार होती. दोन्ही बाजूंनी पोरंपोरी वह्या घालून बसली होती. भिंतीवर पाटी होती, ती मी अक्षरं जुळवत वाचली. इथं बोलायचं नाही. आम्हाला कुणीतरी दोन खुर्च्या दिल्या, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. आम्ही गप्प बसलो. टेबलाच्या दोन बाजूंना असताना मला तिचं तोंड दिसतंय, हे मला नवीन होतं.

मी तळहात पत्र्यावर टेकला होता. तिनं माझ्याकडं न बघता बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. आवाज मला आला नाही. तळहाताला कळलं.